बेस्सेचं गाव

शारजातल्या आमच्या घरात दुपारी तीन ते पाच एक आवाज यायचा. ठक्, जरा थांबून पुन्हा ठक् ठक्. अल मजाज भागातल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर, बंद काचेच्या बाल्कनीत, बेस्से जमिनीवर पाय पसरून बसलेली असायची. कमरेमागे लाकडाचा एक पट्टा दोरीने बांधलेला, समोर कठड्याला बांधलेली आडवी काठी, आणि मधे ताणलेलं रेशीम. माग असा वेगळा नव्हताच, अर्धा माग म्हणजे ती स्वतःच. ती मागे रेलली की धागे ताणले जायचे, पुढे झुकली की सैल पडायचे. मग एक लांब चपटी पट्टी आत घालून ती धागा ठोकून बसवायची, तोच तो आवाज. खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंनी वॉचमनकडे तक्रारसुद्धा केली होती की वर कुणीतरी रोज काहीतरी कुटतं. आई वॉचमनला म्हणाली, "सांग त्यांना, चटणी झाली की वाटीभर पाठवते."

बेस्से आमच्याकडे आली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशनला, बाबा इंटिरियरची कामं घेणाऱ्या एका कंपनीत एस्टिमेटर, दोघंही सकाळी साडेसातला घराबाहेर. म्हणजे मला वाढवलं बेस्सेनेच. ती इंडोनेशियातली, त्यातही सुलावेसी नावाच्या बेटावरची, आणि जातीने बुगिस. "इंडोनेशियन नहीं मॅडम, बुगिस," असं ती आईला पहिल्याच महिन्यात ठणकावून म्हणाली होती. आईला बाई तिथेच आवडली. त्याआधी तिने एका अरबी घरात सहा वर्षं काढली होती, त्यामुळे तिची हिंदी आमच्याकडे शिकलेली आणि रागवायची भाषा अरबी. मी दूध पिईना की "यल्ला!" म्हणजे चल, आटप, आणि ग्लास पालथा झाला की "खलास!" ती पाच वेळा नमाज पढायची आणि गुरुवारी आमच्या देवांची भांडीही लख्ख घासून द्यायची. आई म्हणायची, चिंच लावून घासणारी दुसरी बाई अख्ख्या अमिरातीत मिळायची नाही.

तिच्या गावाच्या गोष्टी मी इतक्या ऐकल्या आहेत की माझ्या आजोळच्या चार गल्ल्या मला धड आठवत नाहीत, पण ते गाव आठवतं. सेंगकांग नावाचं एक शहर, त्याच्या पुढे मोठं तळं, तळ्याच्या कडेने जाणारा रस्ता, आणि मग ते. घरं सगळी खांबांवर. वर माणसं राहणार, खाली कोंबड्या, बदकं, भाताची पोती आणि माग. पुरुष भाताच्या शेतात नाहीतर तळ्यावर, बायका घराखालच्या सावलीत विणायला. पाणी चढलं की माग उचलून वर न्यायचे आणि वरच्या फळ्यांवर ठोकत बसायचं. रेशमाचे कोश उकळले की असा वास सुटायचा म्हणे, की पाहुणा आला तर नाकाला रुमाल लावूनच शिडी चढायचा. आणि ठोका! प्रत्येक घरचा ठोका वेगळा. तिची आई भात निवडता निवडता मान वर न करता सांगायची, अमकीचा ठोका थांबला, पाहुणे आले असतील. तमकीचा जोरात चाललाय, नवऱ्याशी भांडलीय. मी विचारायचे, "और तुम्हारा कैसा था?" त्यावर ती पट्टी दोनदा आपटून दाखवायची. मला त्यात काही वेगळं ऐकू यायचं नाही, पण मी "वॉव" म्हणायचे.

खायचं म्हणाल, तर ईदला ती नारळाच्या दुधात भात शिजवून केळीच्या पानात गुंडाळायची, दोन दोन पुड्या दोऱ्याने जोडीने बांधून पुन्हा तासन् तास उकळायची. आईला ते बघून पानग्यांची आठवण यायची. दुसरा एक प्रकार पिकल्या केळ्यांचा, पानातच वाफवलेला, खरवसासारखा थरथरणारा. आईने तो एका संकष्टीला उपास म्हणून दोन वाट्या खाल्ला आणि वर "काय घातलंयस ग?" विचारलं. बेस्से म्हणाली, "केला, दूध, नारियल, अंडा." आई हातातली वाटी तशीच धरून हसत सुटली. "गणपतीला सांगते, इंडोनेशियन व्हिसावर खाल्लं म्हणून." असं ते घर होतं. आता लिहिताना वाटतं की त्या घरात मी फार लाडात होते आणि मला ते कळत नव्हतं.

बेस्सेला एक मुलगी होती, नुर. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नवरा मलेशियाला कामाला गेला तो तिकडचाच झाला, म्हणून नुरला आजीकडे ठेवून बेस्से बाहेर पडली. दर शुक्रवारी ती कार्ड घेऊन फोन लावायची. मी शेजारी लोळत असायचे, म्हणून मला एक गोष्ट ठाऊक होती जी आईला नव्हती. नुर आजीला आई म्हणायची, आणि बेस्सेला 'तांते'. तांते म्हणजे मावशी. मी एकदा विचारलं तेव्हा बेस्सेने खांदे उडवले. "छोटी थी ना. भूल गया." पण त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

मग नुरचं लग्न ठरलं, आणि बेस्सेने गावाहून येणाऱ्या एका बाईबरोबर रेशीम मागवलं, कठड्याला काठी बांधली. त्यांच्या घरात मुलीच्या लग्नातलं लुंगीसारखं रेशमी वस्त्र आईने विणायचं असतं. आजीला आता दिसत नव्हतं. "मैं बनाएगी, मैं अपने हाथ से उसको पहनाएगी. तब सब देखेगा माँ कौन है," असं ती मला म्हणाली. एवढंच तिचं म्हणणं होतं. इतकी वर्षं पैसे पाठवून जे झालं नव्हतं ते ती या कापडाने करणार होती. सव्वा वर्ष रोज दोन तास ती बसली. त्यांच्याकडे कुमारिकांची म्हणून असते ती बारीक चौकडी, डाळिंबी आणि हिरवी, आणि मधे एका जागी चौकडी बदलून दाट सोनेरी पट्टा. विणताना वर कायम जुनी चादर टाकलेली. आई घरी यायची तेव्हा सगळं गुंडाळून ठेवलेलं असायचं. आईला एवढंच माहीत होतं की बेस्से काहीतरी लुंगी विणते.

तेवढ्यात ते मंदीचं सुरू झालं. आधी बाबांच्या कंपनीतले प्रोजेक्ट 'ऑन होल्ड' गेले, मग पगार उशिरा, मग एक दिवस बाबा सकाळी अकरालाच घरी आले आणि बूट न काढता सोफ्यावर बसले. लिफ्टमध्ये रोज कुणाचे तरी खोके. खालच्या ग्रोसरीच्या दारावर सोफे, फ्रिज, पाळणे विकायच्या चिठ्ठ्या. बाबांनी तीन महिने शोधलं. "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक" हे वाक्य ऐकून ऐकून आई म्हणाली, आता मला हे कुणी म्हटलं तर मी लाटणं घेऊन धावेन. शेवटी व्हिसा कॅन्सल करायचं ठरलं. बेस्सेचा व्हिसा बाबांच्याच नावावर, म्हणजे तीही निघणार. आम्ही पुण्याला, ती गावाला. आई तिला सांगताना रडली. बेस्से मात्र, खोटं कशाला सांगू, खूश होती. लग्न दीड महिन्यावर आलं होतं आणि कापड पुरं होत आलं होतं. ती गुणगुणत माझे टॉवेल घड्या करायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ज्या दुपारी कापड मागावरून उतरलं त्या दुपारी मी घरी होते. बिस्मिल्ला म्हणून तिने ते मधोमध एकदाच कापलं. दोन लांब अरुंद पट्ट्या झाल्या. त्या कडेने एकमेकींना जोडल्या की मगच ते पुऱ्या रुंदीचं वस्त्र होतं, आणि ती शिवण ती गावी, नुरच्या अंगाला लावून घालणार होती. पण कसं दिसतं ते बघायला तिने दोन्ही पट्ट्या माझ्या कमरेला धरल्या आणि मला आरशासमोर उभं केलं. मी चौदा वर्षांची, अंगात शाळेचा ट्रॅकसूट. तरी मला मी अशी काही दिसले की मी म्हटलं, "बेस्से, मेरे लिए भी बनाओगी ना?" ती हसली. मोकळं, काही मनात नसलेलं हसली. "तुम मेरी बेटी थोड़े है! तुम्हारी मम्मी है ना, वो देगी." आणि कापड काढून, मऊ सुती फडक्यात गुंडाळून, माझ्याच कपाटात वरच्या फळीवर डांबराच्या गोळ्यांत ठेवलं, कारण घरात तेवढं एकच कपाट विकलं जायचं राहिलं होतं.

आज माझी मुलगी शेजारच्या काकूंच्या गळ्यात पडते तेव्हा मी तिला ओढून घेत नाही. कुणी कुणाचं असायला कितीजण लागतात हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की आठ वर्षं जी माझी होती ती माझी नव्हती, आणि ती हे हसत हसत सांगत होती.

निघायच्या आठवडाभर आधी आईने आपल्या चार मैत्रिणींना निरोपाचं हळदीकुंकू म्हणून बोलावलं. त्या दुपारी बाबा बेस्सेला घेऊन व्हिसाच्या कागदांसाठी दुबईला गेले होते. आई स्वयंपाकघरात नारळ सोलत होती. ओटी भरायची तर खण हवेत, आणि तिचे खण आधीच गेलेल्या खोक्यात बंद झालेले. "रोल्याच्या बाजारात जाऊन आणू?" मी विचारलं. "पंधरा दिरहमला एक! म्हणजे दोनशे रुपये झाले. बाबांची नोकरी नाही आणि मी दोनशेचे खण वाटू? तुझ्या कपाटात बघ ग, आजीने पाठवलेले काही असतील." मी गेले. वरच्या फळीवर हात घातला. फडकं सोडलं आणि त्या दोन पट्ट्या आणून ओट्यावर ठेवल्या.

आई हरखली. "अगबाई, रेशमी! इरकलीच म्हणायचे की हे. आजीने कधी दिले?" अरुंद पन्हा, चौकडी, मधे काठासारखा पट्टा. कुठल्याही मराठी बाईला तो खणच दिसला असता. पण तिने क्षणभर थांबून मला विचारलं होतं, हे मी विसरू शकत नाही. "खणच आहेत ना ग हे?"

"हो," मी म्हटलं.

तेवढंच. एक अक्षर. आईने कात्री घेतली आणि एकेका पट्टीचे दोन दोन केले. रेशीम कापताना फारसा आवाज होत नाही. मी तिथेच उभी होते आणि मनात म्हणत होते, आता सांगते, आता सांगते. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात तसं काही झालं नव्हतं. मला सांगायचंच नव्हतं. चौघीजणी आल्या, बटाटेवडे खाल्ले, रडल्या, तांदूळ-नारळाबरोबर चार खण पदरात घेऊन गेल्या.

बेस्से साडेसहाला आली. हॉल झाडायला घेतला आणि टीपॉयखाली तिला कापडाच्या कडेची एक कातरण सापडली. ती सरळ माझ्या खोलीत गेली, कपाट उघडलं, मोकळं फडकं घेऊन बाहेर आली. "मॅडम, मेरा कपड़ा?" आईला समजायला थोडा वेळ लागला. मग ती खुर्चीवर बसली ती अशी, की बाबा पाणी आणायला धावले. बेस्सेने फक्त "खलास" म्हटलं, कुणाला रागवायला नाही, अगदी हळू.

आई उठली, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल." भरलेली ओटी परत मागायची! आमच्यात असं कुणी केलेलं मी ऐकलं नाही. आई दारोदार गेली. सबनीस काकूंनी विचारायच्या आधीच नारळासकट सगळं हातात ठेवलं आणि आईला जवळ घेतलं. दुसऱ्या बाईंनी खण उंबऱ्याबाहेर ठेवला, "माझ्या हातून परत देणार नाही, तुम्हीच उचला. शुभशकुनाचं असतं हो हे," म्हणाल्या, आणि आईने वाकून उचलला. तिसऱ्या शेजारच्या टॉवरमधल्या. त्यांनी घरी जाता जाताच तो खालच्या टेलरकडे टाकला होता. टेलर मापाचा गळा कापून मोकळा झालेला. चौथ्या बाई थेट एअरपोर्टला गेल्या होत्या. आईने प्रत्येक दारात तेच सांगितलं, "चूक माझी झाली, मी न विचारता कापलं." आणि मी प्रत्येक दारात तिच्या मागे पिशवी धरून उभी.

बेस्सेने तुकडे जमिनीवर मांडून चौकडीला चौकडी लावून पाहिली. आई म्हणाली, जोडून घेऊ, उत्तम टेलर बघू. ती नुसती मान हलवत होती. कापून जोडलेलं नवरीला कोण नेसवतं? मग तिने माझ्याकडे पाहिलं. आईसमोर, शांतपणे विचारलं, "तुमको मालूम था ना?"

मी इंग्रजीत उत्तर दिलं. बेस्सेशी मी कधीच इंग्रजी बोलायचे नाही. "आय डिडन्ट नो. हाऊ वुड आय नो?"

ती तोंड उघडू शकली असती. आरसा, ट्रॅकसूट, सगळं सांगू शकली असती. तिने नाही सांगितलं. पुढचे आठ दिवस ती नेहमीसारखी वागली, माझा डबा केला, माझ्या पुस्तकांची खोकी बांधली. आईशी थोडं कमी बोलायची, आणि आईला वाटायचं की तिने आपल्याला माफ केलं नाही. माझ्यात आणि तिच्यात एकच गोष्ट बदलली. एका दुपारी, रिकाम्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना मी मुद्दाम, लाडात येऊन विचारलं, "बेस्से, गाँव में अभी क्या चल रहा होगा?" ती चिमटा लावत म्हणाली, "मालूम नहीं."

तिच्या निघायच्या दिवशी आईने आपला लग्नातला शालू काढला. त्याला कुंकवाचं बोट लावून तो तिच्या ओढणीत घातला. "नुर के लिए. मेरी शादी का है." बेस्सेने दोन्ही हातांनी तो उचलून परत दिला. "नहीं मॅडम. आपका भी बेटी है." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून लिफ्टकडे गेली. तोच शालू मी माझ्या लग्नात नेसले. सगळ्यांनी कौतुक केलं. आई प्रत्येकाला सांगत होती, "बेस्सेने घेतला नाही म्हणून हिला मिळाला," आणि मी फोटोत हसले आहे.

पुण्याला आल्यावर दोनेक महिन्यांनी आईने बेस्सेने दिलेल्या नंबरवर फोन लावला. स्पीकरवर होता. एका तरुण मुलीने उचलला. आईने "बेस्से? बेस्से?" केलं तशी ती मुलगी आत ओरडली, "तांते!" आईला त्याचा अर्थ कळला नाही. बेस्से आली, शादी अच्छा हुआ, सब अच्छा, साब को सलाम, म्हणाली. दोन मिनिटांत कार्ड संपलं. आई समाधानाने म्हणाली, "चला, लेकीकडेच आहे." मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले. पुढे तो नंबर लागेनासा झाला.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. गेल्या वर्षी ती माझ्या मुलीला ही गोष्ट सांगत होती, 'माझ्या हातून एकदा फार वाईट झालं' अशी सुरुवात करून. मुलगी खेळायला पळाली आणि मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "चार दारांत मी तोंड वेंगाडलं. माझ्या मागे उभी होतीस तू."

"हो."

"पंधरा वर्षं मी त्या बाईची मनात माफी मागतेय." तिने काड्या बाजूला सारल्या. मला वाटलं आता ती रडेल किंवा मला घालून पाडून बोलेल. "पत्र लिही तिला," म्हणाली. "आज लिही. तुझ्या हाताने लिही, मेलवर नको. हिंदी वाचून दाखवणारं मिळेल कुणीतरी."

मी लिहिलं. चार पानं झाली. पाकीट घेऊन बसले आणि वर काय लिहायचं ते मला येईना. बेस्से हे तिच्या मुलखात घरोघरी लाडाने मुलींना हाक मारायचं नाव. पासपोर्टवरचं लांबलचक नाव बाबांना ठाऊक होतं, आणि ते कागद शारजा सोडताना आम्ही फाडून टाकले. आई म्हणाली, "गावाचं नाव तर घाल, पोस्टमन शोधेल. खेडेगावात सगळे सगळ्यांना ओळखतात. इतक्या गोष्टी ऐकल्यास तू तिच्याकडून. काय ग नाव गावाचं?"

तळ्याच्या कडेने रस्ता कसा वळतो ते मला माहीत होतं. शिडीला किती पायऱ्या, कुठल्या घरची म्हातारी बहिरी, कोश कुठे उकळायचे, सगळं माहीत होतं. आठ वर्षं ती सांगत होती आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होते. नाव मी कधी विचारलंच नव्हतं.